वाळवंटातली गाडी गंजत नाही म्हणे!

‘कच्छ-राजस्थानातली जुनी गाडी डोळे झाकून घ्या, वाळवंटात गंज लागतच नाही’ हा फॉरवर्ड वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि गाड्या बुडाल्या, त्यामुळे लोक बाहेरगावची गाडी बघतात हे समजू शकतं. पण आमचे मामा हा मजकूर वाचून भुजच्या एका गाडीला बयाणा द्यायला निघाले, तेव्हा राहवेना.

सगळ्यात आधी त्यातला मिठाचा सल्ला, कारण तो नुसता चुकीचा नाही, गाडी खाणारा आहे. म्हणे, ‘डिकीत स्टेपनीखाली किलोभर जाडं मीठ फडक्यात बांधून ठेवा, मीठ सगळा ओलावा ओढून घेतं.’ घेतं ना! पण मग ते पाणी जातं कुठे? हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मिठालाही पाणी सुटतं, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती बहुतेक वेळ तितकी असतेच. स्वयंपाकघरातली बरणी उघडून बघा. जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला 33 टक्केच पुरतात. हे खारं पाणी फडक्यातून स्टेपनीच्या खळग्यात उतरतं, पत्र्याच्या जोडात शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. कुणी मीठ ठेवलं असेल तर आजच काढा. स्टेपनी उचला, खळग्याच्या तळाचं रबरी बूच काढा, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, डिकी उघडी ठेवून पूर्ण वाळवा. जिथे रंग उडालाय तिथला तांबूस थर घासून प्राइमर लावा आणि मगच बूच बसवा. ओलाव्यासाठी काही ठेवायचंच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या मिळतात.

आता ‘वाळवंटात ओलावाच नसतो.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. समुद्रापासून लांबच्या कोरड्या वाळवंटात लोखंड खरंच टिकतं. अमेरिकेने आपली जुनी लष्करी विमानं अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळ उघड्यावर ठेवली आहेत, ती तिथल्या कोरड्या हवेच्या भरवशावरच. हवा धातूला किती खाते याचं आयएसओ 9223 हे मानक आहे. काही वाळवंटं त्यात सगळ्यात सौम्य सी-1 वर्गात येतात, म्हणजे उघडं पोलाद पहिल्या वर्षी जेमतेम 1.3 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं. धातूला फार खाणाऱ्या हवेच्या सी-5 वर्गात हाच आकडा 80 ते 200 मायक्रॉन होतो. गाडीचा पत्रा साधारण 700 मायक्रॉनचा, हिशेब तुम्हीच करा. आणि वर्ग ठरवताना हे मानक नुसता पाऊस बघत नाही. धातू वर्षात किती तास ओला राहतो, हवेत सल्फर डायऑक्साइड किती आणि अंगावर क्षार किती बसतो, हे बघतं. कच्छचं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, नंतर त्यावर मिठाचा थर येतो. कांडला-गांधीधाम तर खाडीला लागून. तिथली गाडी आणि जैसलमेरची गाडी एकाच मापाने कशी मोजणार? जैसलमेरलाही हिवाळ्यात निरभ्र रात्री गाडीचं टप हवेपेक्षा थंड होतं आणि त्यावर दव धरतं.

‘जैसलमेरजवळच्या लोंगेवालात 1971 च्या युद्धातले रणगाडे अजून उभे आहेत’ हा फॉरवर्डमधला दाखला तर हसण्यावारी नेण्यासारखा. रणगाड्याचं पुढचं कवच दहा सेंटिमीटरच्या घरात असतं. त्यातला एक मिलिमीटर गंजून गेला तरी कुणाला कळणार नाही, गाडीच्या पत्र्याचं तेवढ्यात भोक होतं.

‘धूळ साचू द्या, ती पत्रा कोरडा ठेवते’ हे उलटं आहे. बारीक धूळ दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवते आणि जोडांत दव धरून ठेवते. बाहेरून गाडी वाळली तरी आत ओल राहते. वाळूचा मारा मडगार्डच्या कडेचा रंग उडवतो. त्यात कच्छात आणि पश्चिम राजस्थानात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी खारं. त्याने रोज धुतलेली गाडी चकाचक दिसते, पण क्षार खालीच बसलेले असतात.

म्हणून नंबर कच्छचा जीजे 12 असो की जैसलमेरचा आरजे 15, गाडी जॅकवर नाही, रॅम्पवर चढवून बघा. दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका; टणक आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आला तर पत्रा आतून गेलाय. मडगार्डच्या कडेने पातळ चुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पायाखालचं मॅटिंग उचला. दाराखालच्या पट्टीला किंवा सस्पेन्शन बसतं तिथे भोक असेल तर भाव करू नका, परत या. सायलेन्सरवरच्या तांबूस थराला घाबरायचं कारण नाही, तो वडोदऱ्याच्या गाडीलाही असतो. भाव पाडायचाच तर टायरवर पाडा, वाळवंटी ऊन रबराला आधी खातं: बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 2219 असतील तर टायर 2019 च्या 22 व्या आठवड्यातला आहे. स्टेपनीचेही आकडे वाचा.