पीठ मळायला इतक्या लांब?

पुण्यात राहणाऱ्या माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या, मुलीला येत्या मे महिन्यात इटलीला यायचे आहे. त्यांच्या सोसायटीतली नऊ जोडपी त्याच महिन्यात सहल कंपनीबरोबर निघाली आहेत. आठ दिवस, पाच शहरे आणि बरोबर स्वयंपाकाला महाराज, असा त्यांचा बेत आहे. मुलीला त्या बसमध्ये बसायचे नाही. तिला उत्तर इटलीतल्या एमिलिया भागातल्या एखाद्या गावात दहा दिवस एकाच घरी राहायचे आहे, सकाळी बाजारात जायचे आहे, पास्ता लाटायला शिकायचे आहे आणि संध्याकाळी चौकात बसायचे आहे. त्यावर दादाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, "पीठ मळायला इतक्या लांब? आजी शिकवत होती तेव्हा स्वयंपाकघरात फिरकली नाहीस. आणि नुसतं बसायचंच असेल तर आपलं कोकण काय वाईट आहे?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी चौदा वर्षे एमिलियातल्याच बोलोन्या शहरात राहते, म्हणून निवाडा माझ्याकडे सोपवण्यात आला. ही दिवाळीतली गोष्ट. तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

दादाचा समज असा आहे की संस्कृती ही वस्तूंची यादी असते. पिसाचा मनोरा, कोलोसियम, एक पिझ्झा, एक जिलातो, असे एकेक पाहून खाऊन झाले की ती पाहून झाली. या हिशेबाने दहा दिवस एका गावात घालवणे हा तोटाच आहे. पण जे लोक असे दहा दिवस राहून जातात आणि पुन्हा पुन्हा येतात, त्यांना येथे जे मिळते ते यादीत मावणारे नाही. त्यांना दुसऱ्यांच्या दिवसात बसायला जागा मिळते. पहिल्या दिवशी तुम्ही कोपऱ्यावरच्या बारमध्ये गोंधळता, पैसे आधी द्यायचे की नंतर हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी इतरांसारखे काउंटरपाशी उभे राहून दोन घोटांत कॉफी संपवता. तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात दिसताच आतला माणूस यंत्राकडे वळतो, आणि तुम्ही काही मागण्याच्या आत बशी समोर येते. हा तिसरा दिवस बसमधल्या प्रवाशाच्या वाट्याला कधीच येत नाही, कारण तोवर तो पुढच्या शहरात पोचलेला असतो. सोसायटीतल्या वडीलधाऱ्यांना रोममध्ये वरण-भात लागतो याबद्दल माझी काही तक्रार नाही. वयाचे आणि पथ्याचे प्रश्न खरे असतात. मात्र त्या सहलीलाच शहाणपणा म्हणायचे आणि मुलीच्या इच्छेला थेर म्हणायचे, हे मला मान्य नाही.

पुण्यात शिकत असताना दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांची जेवढी थट्टा मी ऐकली, तेवढी दुसऱ्या कशाचीही ऐकली नसेल. त्या थट्टेत मीही सामील होते. आज मी राहते त्या गल्लीत साडेबाराला शटर खाली येते, चाकूसुऱ्यांना धार लावणारा, चपला दुरुस्त करणारा आणि कापडवाला असे तिघेही घरी जेवायला जातात आणि साडेतीन-चारपर्यंत परतत नाहीत. जगभरातून आलेले प्रवासी त्या बंद शटरांसमोर उभे राहून म्हणतात की या लोकांना जगणे कळले आहे. सवय तीच आहे. येथे तिची लाज कोणाला वाटली नाही आणि आपल्याकडे आपणच तिचा विनोद केला. शनिवार-रविवारी बोलोन्यातले तीन मुख्य रस्ते वाहनांना बंद होतात आणि म्हाताऱ्यांपासून बाबागाडीतल्या मुलांपर्यंत सारे गाव रस्त्याच्या मधोमध चालते. लक्ष्मी रस्त्यावर हे भाग्य ११ डिसेंबरला, वर्षातून एक दिवस लाभते, आणि त्या दिवशीही कुठे ना कुठे कोणी तरी वाहतुकीच्या नावाने बोटे मोडतच असते.

येथल्या छतवाल्या पादचारी मार्गांबद्दल, म्हणजे पोर्तिकोंबद्दल, लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते सारे मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. परंतु मला त्यांच्यामागचा नियम त्यांच्या कमानींपेक्षा अधिक सुंदर वाटतो. १२८८ साली शहराने ठरवले की नवे घर बांधणाऱ्याने पुढे पोर्तिको काढलाच पाहिजे, आणि तो घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतका उंच असला पाहिजे. जागा घरमालकाची, डागडुजी घरमालकाची आणि चालण्याचा हक्क मात्र सर्वांचा. आमच्या सांगलीच्या जुन्या घराला ओसरी होती आणि पावसात अडकलेला कोणीही अनोळखी माणूस न विचारता तिच्यावर टेकत असे. ती ओसरी पाडून तेथे गाडी लावायची जागा केली, तेव्हा घरातल्या एकानेही हरकत घेतली नाही. परगावचा माणूस येथे पहिल्याच संध्याकाळी पोर्तिकोखाली निर्धास्त फिरू लागतो, तो काही वास्तुकलेचा अभ्यासक म्हणून नव्हे. आपण कोणाच्या तरी ओसरीवर आहोत आणि येथून कोणी उठवणार नाही, हे त्याच्या पायांना कळते.

आता पिठाकडे येते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सिन्योरा राहतात. आज त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. मी येथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला एका रविवारी सकाळी खाली बोलावले. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे, याखेरीज त्यात काहीही पडत नाही. लाकडी फळीवर पिठाचे आळे करायचे, त्यात अंडी फोडायची, काट्याने कडेचे पीठ थोडे थोडे आत ओढायचे आणि मग तळहाताच्या मुळाने दहा-पंधरा मिनिटे रेटत राहायचे. गोळा अर्धा तास झाकून ठेवला की हातभर लांबीच्या लाटण्याने लाटायला घ्यायचे. लाटणे खाली दाबायचे नसते, पारी लाटण्याला गुंडाळून दोन्ही हात मधून कडांकडे सरकवत तिला ताणायचे असते. सिन्योरांची पारी मेजाच्या कडेवरून खाली लोंबत होती. त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलून खिडकीसमोर धरली आणि विचारले, सान लूका दिसते का? पारीतून टेकडीवरचे सान लूकाचे देऊळ दिसले पाहिजे, असे बोलोन्यात म्हणतात. माझी पारी मधे जाड आणि कडेला फाटलेली होती. त्यांनी ती न बोलता सुरीने वेडीवाकडी कापली, ते तुकडे 'मालतालियाती' म्हणून घेवड्याच्या सारात सोडले आणि आम्ही ते जेवलो. पुढची दोन वर्षे माझ्या पारीचे तेच झाले.

याच शहराने १९७२ साली ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याची लांब पट्टी, शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद असावी असे ठरवून ते माप चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवले आहे. दादाला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. मला वाटते की, जे लोक आपल्या रोजच्या जेवणाकडे इतक्या गांभीर्याने पाहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहायला मिळावे म्हणून परका माणूस पैसे खर्च करून आला, तर त्यात नवल नाही. लाटणे कोणत्याही देशात मिळते. प्रवाशाला हवे असते ते असे घर, की जेथे पाहुणा आला नसता तरीही त्या रविवारी तीच पारी लाटली गेली असती.

कोकणाचा मुद्दाही दादाने फार हलक्यात घेतला आहे. येथे १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरी पाहुणे ठेवण्याची मुभा मिळाली ती एका अटीवर, की त्याचा मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. त्यामुळे अशा शेतघरात, म्हणजे आग्रितुरिझ्मोत, उतरलेल्या माणसाला पहाटे ट्रॅक्टरचा आवाज ऐकावाच लागतो आणि त्या शेतात व शिवारात जे पिकते ते खावे लागते. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. मी गेल्या काही वर्षांत कोकणात आणि देशावर जेथे जेथे उतरले, तेथे बैलगाडीची फेरी, रेन डान्स आणि रात्री पनीर अशी सोय होती. नाचणीची भाकरी मिळेल का म्हणून विचारले, तर ती आम्ही घरच्यांसाठी करतो, असे उत्तर मिळाले. आम्हाला नेमके तेच हवे होते. तोस्काना प्रांताच्या उत्तर भागात गार्फान्यानाच्या डोंगरात 'फार्रो' पिकतो, त्याच्या नावाला १९९६ पासून युरोपीय संरक्षण आहे, आणि त्याचे सार खायला लोक वळणावळणाच्या रस्त्याने तीन-तीन तास गाडी हाकत जातात. मी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चव ओळखीची वाटली. हा फार्रो म्हणजे आमचा खपली गहू, कृष्णाकाठचा, ज्याची खीर माझी आई करत असे. माझ्या लहानपणी खपलीचे कौतुक कोणालाच नव्हते. कांडायला त्रास, उतारा कमी आणि रंग तांबूस, म्हणून तो मागे पडत चालला होता.

इटलीत सगळीकडे असेच आहे, असे मी म्हणत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहत होते, आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. २०२४ च्या एप्रिलपासून तेथे गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घेऊ लागले. तेथे कोणाच्या दिवसात जाऊन बसणार? दिवस जगणारेच निघून गेले आहेत. बोलोन्यातही जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत आता काचेमागे बसून तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, वळणाऱ्या बायका दिसतात आणि बाहेर फोन उंचावलेली गर्दी असते. मी तेथून मान खाली घालून पुढे जाते, कारण तेथे वळलेली तोर्तेल्लीनी कोणाच्या रविवारसाठी नसते. म्हणून मी मुलीला कळवले आहे की, मोठी शहरे सोड, लहान गाव धर, आणि जमले तर एखाद्या साग्राच्या, म्हणजे गावजेवणाच्या जत्रेच्या, सुमारास ये. गावातलेच लोक मांडवात लांब मेजे लावतात, खिडकीशी कागदावर खुणा करून पैसे भरायचे आणि मग गावातलीच मुले ताटे आणून देतात. जमलेला पैसा गावच्या फुटबॉल संघाला किंवा चर्चच्या कौलांना जातो. आमच्या जत्रेतल्या पंगतीची तिला आठवण येईल, जर तिने ती पंगत कधी पाहिली असेल तर.

डिसेंबर २०२५ मध्ये दादानेच त्या गटावर मोठ्या अभिमानाने बातमी टाकली, की दिल्लीत लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत दिवाळीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले. मलाही आनंद झाला. मात्र त्याच बैठकीत, त्याच दिवशी, इटालियन स्वयंपाकालाही ते स्थान मिळाले, हे त्याच्या बातमीत नव्हते. आपला फराळ हा वारसा आणि त्यांचे पीठ मळणे ही चैन, असे कसे म्हणता येईल?

असो. येथपर्यंत मी दादाशी भांडले. पण त्याच्या एका वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि खरे तर राग त्याचाच आला होता. आजी शिकवत होती तेव्हा मुलगी फिरकली नाही, तशी आई शिकवत होती तेव्हा मीही फिरकले नाही. मला अभियंता व्हायचे होते, परदेशी जायचे होते, आणि दोन्ही झाले. मी येथे चहाच्या पुड्या बांधणाऱ्या यंत्रांचे भाग आखते. इटालियन बोलते, कर भरते, ऑगस्टमध्ये सर्वांबरोबर समुद्रावर जाते. तरीही दहा दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला जे सहज मिळते ते मला मिळत नाही. त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मी क्वेस्तुराच्या, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने पाहणाऱ्या पोलीस कचेरीच्या, रांगेत कागदांची फाइल छातीशी धरून उभी राहिले आहे आणि कोणता तरी एक कागद दर वेळी कमी पडला आहे. नागरिकत्वासाठी दहा वर्षांचे वास्तव्य लागते, ती अट पाच वर्षांवर आणावी म्हणून जून २०२५ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा मतदानाला तीस टक्क्यांच्या आसपासच लोक आले आणि ते रद्दबातल ठरले. माझी दहा वर्षे तर केव्हाच भरली आहेत. मी अजून अर्ज केलेला नाही, कारण तो मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. परक्या संस्कृतीत रमण्याचे सुख एवढे निर्मळ असते ते बहुधा यासाठीच, की रमणाऱ्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. माझ्या खिशातले ते तिकीट कधी हरवले, हे मला सांगता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात सांगलीला गेले होते. आईला म्हटले, मला हातशेवया शिकव. ती म्हणाली, "आता कोण करतं गं हाताने? बचत गटाच्या आणते मी." तरीही तिने माळ्यावरचा पाट काढायला लावला. रवा आणि सपीट घट्ट भिजवले, तासाभराने तेलाचा हात लावून कुटले, आणि पलंगाला तिरका टेकवलेल्या पाटावर ती तळहाताने दोरी वळत खाली सोडू लागली. तिची बोटे आता वाकडी झाली आहेत, पण दोरी दोऱ्यासारखी बारीक येत होती. माझी तुटत होती, आणि जेथे तुटत नव्हती तेथे जाड राहत होती. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, पाहुणीला कामाला लावलंस होय?" आई काही बोलली नाही. दोन खुर्च्यांवर आडव्या टाकलेल्या काठीवर तिने स्वतःच्या शेवया टाकल्या, आणि माझ्या जाड शेवया उचलून दुसऱ्या काठीवर वेगळ्या टाकल्या. "खिरीला चालतील," ती म्हणाली. "तू जायच्या आत संपवू."