मीडिया मेलने दिवाळी अंक पाठवता येत नाहीत

अमेरिकेतल्या मराठी गटांत संदेश फिरतोय: ‘छापील काहीही मीडिया मेलच्या स्वस्त दराने पाठवा, दिवाळी अंकसुद्धा.’ हे चूक आहे. मीडिया मेल हा तिथल्या टपाल खात्याचा पुस्तकं, सीडी अशा वस्तूंसाठीचा स्वस्त दर. त्याच्या नियमानुसार पुस्तक किमान 8 पानांचं आणि जाहिरातींविना हवं. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी चालते. सराफी पेढीची जाहिरात चालत नाही. दिवाळी अंकांत अशा जाहिराती असतात, त्यामुळे ते बाद. कादंबऱ्या, छापील स्वरलिपी, गाण्यांच्या सीडी, चित्रपटांच्या डीव्हीडी चालतात. कोऱ्या वह्या, व्हिडिओ गेम नाहीत.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं चालतं, पण सोबत चिवड्याचं पाकीट घालू नका. पार्सल उघडून तपासण्याचा अधिकार टपाल खात्याला आहे. नियमबाह्य वस्तू निघाली की जादा टपालखर्च पडतो. वजनमर्यादा 70 पौंड, आणि हा दर फक्त अमेरिकेतल्या अमेरिकेत. पुण्याला पार्सल पाठवण्यासाठी नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका, ज्या गटात टाकला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.