प्रश्न लांबचा निवडावा

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला लागला की आमच्या बेळगावात नाटकांचं सत्र सुरू होतं. यंदाच्या पत्रिकेवर 'सामाजिक जाणिवेचे प्रयोग' असं छापलंय. मागच्या वर्षी 'सामाजिक भान' होतं. वर्षभरात भानाची जाणीव झाली, हेही काही थोडं नाही. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण तयारीनं जा. मी तीन वर्षं या सत्राच्या समितीत खुर्च्या मोजायचं काम केलंय, तेवढ्या अधिकारावर सांगतो.

आधी कपड्यांचं बघा. १ नोव्हेंबरला आपला काळा दिन, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याचा निषेध, आणि ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन, म्हणजे सत्राचं उद्घाटन. मधे जेमतेम तीन दिवस. तेव्हा एक चांगला काळा कुर्ता शिवून घ्या. पहिल्या दिवशी तो निषेधाचा असतो, पाचव्या दिवशी प्रायोगिक रंगभूमीचा. मधे एकदा धुतला तर बरं.

फलक वाचायच्या भानगडीत पडू नका. फलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यायची, हा २०२४ चा कायदा. नाटकाचं नाव मराठीत मोठं लिहिलं तर फलक रात्रीतून फाटतो, बारीक लिहिलं तर सकाळी आपलेच लोक येऊन विचारतात, 'काय हे, घाबरलासा काय?' गेल्या वर्षी आमच्या पेंटरनं तोड काढली. त्यानं एका उपाशी पोराचा भलामोठा चेहरा काढला आणि दोन्ही भाषा खाली कोपऱ्यात घातल्या. दोन्हीकडचे येऊन बघून गेले. पोराचा चेहरा कुठल्या टक्क्यात धरायचा हे कुणालाच कळेना. भूक एवढी उपयोगी पडलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आता मुद्द्याचं. नाटक निवडताना अंतर मोजा. नाटकातला प्रश्न आपल्या घरापासून तीनशे किलोमीटर तरी लांबचा हवा. विदर्भातला शेतकरी उत्तम. तो निळ्या उजेडात मरतो, आपल्याला मनापासून वाईट वाटतं आणि साडेनऊला आपण घरी जेवायला असतो. येळ्ळूर, अनगोळ, शहापूरच्या शिवारातला शेतकरी मात्र चालत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी ज्याच्या बासमतीच्या वाफ्यांवर रस्त्याची पट्टी पडली, त्याला रंगमंचावर घ्यायचं म्हणजे जोखीम. तो तिकीट काढून तिसऱ्या रांगेत येऊन बसू शकतो. शिवाय समितीतल्या दोघांचे प्लॉट त्याच अंगाला आहेत, पण ते जाऊ दे.

हा बायपासचा विषय एका पोरानं बैठकीत काढलाही होता. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

'विषय चांगला आहे,' ते म्हणाले, 'पण प्रकरण कोर्टात आहे.'

'अण्णा, सीमाप्रश्न पण कोर्टातच आहे की, २००४ पासून. त्यावर आपण दरवर्षी एकांकिका करतो.'

'तो आपला आहे,' अण्णा म्हणाले.

पोरगं गप्प बसलं. शेजारी बसलेला म्हणाला, 'कशाला बोलूलालास बे, चहा घे.' यंदा ते पोरगं समितीत नाही, प्रकाशयोजनेला आहे. तिथून त्याला सगळं दिसतं, त्याचा मात्र आवाज येत नाही.

उद्घाटनाच्या भाषणाला उशिरा गेलात तरी चालेल. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, इथून सुरुवात होते. भाव्यांच्या आधी तिकडं कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ घेऊन आली होती आणि ते बघूनच सांगलीकरांना आपलंही काही असावं असं वाटलं, हे वाक्य वक्ते गाळतात. नाटकाला 'संगीत' लावून महाराष्ट्राला वेड लावणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच १८४३ साली याच जिल्ह्यात, सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरला जन्मले, हे मात्र छाती फुगवून सांगितलं जातं. गुर्लहोसुरात आज दुकानात जाऊन काय मागायचं ते कुठल्या भाषेत मागतात, हे विचारू नका. तुम्हाला कुणी विचारलं तर टाळ्या वाजवा. टाळ्यांच्या आवाजात पुष्कळ प्रश्न विरून जातात.

चर्चेला मात्र थांबाच. सामाजिक जाणिवेच्या प्रयोगात नाटक हे चर्चेचं निमित्त असतं. माईक हातात आला की 'माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे' अशी सुरुवात करा आणि निरीक्षण सात-आठ मिनिटांच्या खाली उतरू देऊ नका. 'अस्वस्थ झालो' हे एकदा आलंच पाहिजे. किती वाजेपर्यंत अस्वस्थ होता हे कुणी विचारत नाही. 'शोषित' म्हणताना आवाज थोडा खाली आणायचा. सरावानं जमतं.

गेल्या वर्षी अंतराचा नियम मोडून आम्ही तोंडावर आपटलो, ते सांगतो म्हणजे तुम्हाला पटेल. कुणाच्या तरी डोक्यात आलं, निपाणीच्या विडी कामगार बायांवर नाटक करू. निपाणी म्हणजे ७५ किलोमीटर. मी म्हटलं होतं, जवळ पडतंय. ऐकलं नाही. नायिकेला पुण्याहून आणलं, मांडीवर सूप दिलं, सुपात तेंदूपानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बाई कामाला चोख. दोन दिवस तिनं विडी वळायचा अभ्यास केला होता. पहिल्याच प्रवेशात ती भाकरी थापल्यासारखी पान तळव्यावर घेऊन वळायला लागली आणि मागं आकाशवाणीच्या चालीवर दुःख सुरू झालं. प्रेक्षागृहात हुंदके. आमचे अण्णाही डोळे पुसत होते.

चर्चेत माईक फिरवणारा नवखा होता. त्यानं तो मागं दाराशी उभ्या असलेल्या अक्कांच्या हातात दिला. अक्का म्हणजे आमच्याकडं चहा देणाऱ्या. माहेर निपाणीचं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं त्यांच्या हातचा चहा पितोय.

'पानं भिजवली न्हाईत,' अक्का म्हणाल्या. 'सुकं पान चिरतंय. आनि कात्री-फर्मा कुटाय? आदी पान फर्म्यावर कापायचं, मग वळायचं. ही समदी छाटात जाणार.'

छाट म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. कारखान्यात विडी तपासणारा नापास करून जी बाजूला फेकतो ती छाट. तिचे पैसे धरत नाहीत. वळताना मात्र कष्ट तेवढेच पडलेले असतात. अक्कांनी हे सगळं फार तर अर्ध्या मिनिटात सांगितलं. मग नायिकेकडं बघून म्हणाल्या, 'हजारामागं किती मिळतंय ते तर तुम्ही सांगितलंच न्हाई की, बाई. दोन तास झालं, मी त्याचीच वाट बघूलाले.'

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सूत्रसंचालकांनी घड्याळ बघितलं, 'वेळेअभावी' म्हणाले आणि अक्कांच्या 'थेट प्रतिक्रिये'बद्दल टाळ्या मागितल्या. टाळ्या भरपूर पडल्या. अक्का माईक देऊन आत गेल्या, कारण शंभर कप विसळायचे राहिले होते. नायिका तेवढी त्यांच्यामागून मोरीपर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही. तिचं पुढं काय झालं असेल ते असो, पण तिच्या परतीच्या गाडीची वेळ टळली आणि तो खर्च समितीवर पडला.

त्यानंतरच्या बैठकीत ठराव झाला, विषय स्थानिक नसावेत. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सुवर्णसौध या इथल्या विधानभवनासमोरच्या माळावर अंगणवाडीच्या बाया, ऊसवाले तंबू ठोकून बसतात, त्यांना सत्रात बोलवावं अशीही एक सूचना होती. ती सर्वानुमते पुढच्या वर्षावर टाकली. अधिवेशनाच्या दिवसांत त्या रस्त्याला गाडी अडकते, तेव्हा तिकडं फिरकू नका.

यंदाचं पहिलं नाटक अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासींवर आहे. अंतराचा प्रश्नच मिटला. तिकीट रांगेप्रमाणे आहे, पहिल्या दोन रांगा देणगीदारांसाठी राखीव. मध्यंतरात चहा मिळेल. अक्काच देणार आहेत. साखर कमी हवी असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, एकदा उकळला की मग त्यांचं काही चालत नाही.