हुशार मुलं आपली आपण शिकतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रज्ञावान मुलांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हुशार मुलं कशीही पुढे जातातच, मग शिक्षकाचा मुळातच अपुरा पडणारा वेळ मागे राहणाऱ्या मुलांना द्यायचा सोडून यांच्यावर का घालवायचा? शिवाय ‘प्रज्ञावान’ असा शिक्का बसला की मूल डोक्यावर चढतं, आणि आईवडिलांच्या हौसेपायी त्याचं बालपण संपतं. शिक्क्याबद्दल आपलं एकमत आहे, त्याकडे येतेच. पण ‘कशीही पुढे जातात’ हे मला अजिबात पटत नाही.

मी गणित शिकवते. माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा येत असे. शाळेत कायम पैकीच्या पैकी. एकदा मी त्याला मुद्दाम चटकन न सुटणारा प्रश्न दिला: १ ते १०० मधल्या कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते? थोडा वेळ गेला, उत्तर सुचेना. त्याचे कान लाल झाले. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, “हे आम्हाला शिकवलेलं नाही,” आणि वही मिटली. गणित त्याच्या आवाक्यातलं होतं. अडल्यावर काय करायचं असतं, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. वर्गातली बाकीची मुलं रोज अडतात, खोडतात, शेजारच्याला विचारतात, पुन्हा करून बघतात. इतकी वर्षं शाळेत जाऊनही याच्या वाट्याला ते आलंच नव्हतं. मग आम्ही शेजारी बसून १ ते १२ या संख्यांचे विभाजक एकेक करून लिहून काढले. १, ४ आणि ९ वेगळे पडले तसा तो थबकला आणि म्हणाला, “थांबा, १६ बघू या.”

या मुलाची प्रगतीपुस्तकं पाहिली असती, तर याला कशाचीही गरज नाही असंच कोणीही म्हटलं असतं. गुण बघून एवढंच कळतं की परीक्षेत विचारलेलं त्याला येत होतं. ते तो त्या वर्षी शिकला की आधीपासूनच त्याला येत होतं, हे गुण सांगत नाहीत. पहिली अडचण नवव्या वर्षी, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना यावी. तीच अठराव्या वर्षी, घरापासून दूर, एकट्याने झेलायची वेळ आली की ‘मी हुशार नव्हतोच’ असा निष्कर्ष काढून मुलं विषय सोडून देतात.

आता न्यायाचा मुद्दा. या क्षेत्रात फार मोलाचं काम केलेल्या लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. बुद्ध्यंक १४० असलेल्या मुलाचा साध्या प्राथमिक शाळेत निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वर जवळजवळ सगळाच, असं त्यांचं निरीक्षण होतं. पण याच बाईंनी १९२० साली बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या ज्या स्पेयर शाळेत १९३६ पासून त्यांनी हुशार मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला, तिथेच सावकाश शिकणाऱ्या मुलांचेही वर्ग होते. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: या मुलाला आज जिथून शिकता येईल तिथून शिकवलं जातंय का? आणि त्या हुशार मुलांना तिथे पुढच्या इयत्तांची पुस्तकं भराभर संपवायला लावलं नाही. अन्न, वस्त्र, निवारा, वाहतूक अशा रोजच्या गोष्टी माणसाने कशा घडवत आणल्या, याचा शोध ती मुलं घेत होती.

भावनिक बाजूबद्दल तुम्ही लिहिलंत की ‘नाजूक मनाची हुशार मुलं’ हे पालकांनी रंगवलेलं चित्र आहे. यात बरंच तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केलेल्या, दीड हजारांच्या आसपास अतिशय हुशार मुलांच्या पाहणीत ही मुलं एकंदरीत निरोगी आणि चांगली रुळलेलीच आढळली. बुद्धी जास्त म्हणून मूल दुःखी असतं, असं मीही मानत नाही. त्रास होतो तो वय आणि समज यांच्यात अंतर पडतं तिथे. एका सहा वर्षांच्या मुलीने वाचलं की सुमारे ५ अब्ज वर्षांनी सूर्यातलं इंधन संपणार आहे. ५ अब्ज म्हणजे किती, हे तिला नीट सांगता येत होतं, आणि तरी रात्री दिवा मालवला की ती रडायची. ‘एवढी हुशार तू, आणि रडतेस काय?’ हे वाक्य अशा मुलांनी किती वेळा ऐकलेलं असतं! अंक कळणारं डोकं मोठं असेल, पण भीती सहा वर्षांचीच असते. तिला आधी कुशीत घ्यायचं असतं. खगोलशास्त्र सकाळी.

शिक्क्याबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कामं निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर हात टेकू लागली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं जास्त टिकून राहिली. म्हणून पाहुण्यांसमोर मुलाला घनमूळं म्हणून दाखवायला लावणाऱ्या पालकांवर तुम्ही रागावलात, ते रास्तच आहे. पण शिक्का नको म्हणून गरजही नाकारायची, हे मला मान्य नाही. एखाद्या विषयात मूल खरोखर पुढे असेल आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर त्या एका तासाला वरच्या वर्गात बसवल्याने बालपण जात नाही. मूल वरच्या वर्गात गेलं की मनाने कोलमडतं, या समजाला आजवरच्या संशोधनाने दुजोरा दिलेला नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. तुम्ही स्वतः वर्गावर शिकवता, म्हणून एक सुचवते. स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच गणितं आधी फळ्यावर लिहा. ज्याला ती पहिल्यांदा करून पाहायची असतील त्याने करावीत; बरोबर आली तर उरलेली वीस माफ. मोकळ्या झालेल्या वेळात त्याला आणखी वीस गणितं देऊ नका, नाहीतर पटकन संपवणं ही शिक्षा होते. शेजारच्याला शिकवायलाही रोज बसवू नका. तेव्हाही त्याचं स्वतःचं शिकणं थांबलेलंच असतं. खरोखर विचार करायला लावणारा एकच प्रश्न द्या, आणि तो अर्धवट राहिला तरी चालेल असं आधीच सांगा. तेवढा वेळ तुम्ही मागे पडलेल्या मुलांजवळ बसू शकाल.

हे महिनाभर करून पाहिलंत तर जरूर कळवा. ती पाच गणितं कोण मागतं, हे मला विशेष करून जाणून घ्यायचं आहे. टर्मन यांच्या पाहणीसाठी चाचणी घेऊन, बुद्ध्यंक कमी पडला म्हणून वगळले गेलेले विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ पुढे नोबेल विजेते झाले. तुमच्या वर्गातही पहिल्या पाचांत नसलेलं, मागच्या बाकावरचं एखादं गप्प मूल हात वर करतं का, तेवढं बघा आणि लिहा.