आधी बायकांची यादी करा

ऑक्टोबर उजाडला की महाराष्ट्रात चौकाचौकातली होर्डिंग स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी होतात आणि तोच वाद नव्याने रंगतो. एक बाजू म्हणते, तालुक्यातालुक्यात मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढणारी, व्हॅन फिरवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की स्तनाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसलेल्या बायकांचीही तपासणी, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. तिकडे हा आजार जास्त, पैसा जास्त, आणि आता तर तिकडचेच लोक अतिनिदानाच्या, म्हणजे कधी त्रासही दिला नसता असे कॅन्सर शोधून काढण्याच्या, नावाने ओरडतायत. हे बोलणाऱ्यांत चांगले शिकलेले डॉक्टरही असतात, याचा जास्त त्रास होतो. इंग्लंडमधून कुणी मराठी माणसाने मध्ये तोंड घातलं की तिसरं उत्तर ठरलेलं: तिकडे बसून सांगणं सोपं आहे.

सोपं आहेच. पण हे खूळ पाश्चात्त्यांचं असेल, तर त्याचा पुरावा आपल्या बायकांनी का दिला? 1998 मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली. 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत, उरलेल्या वस्त्यांत एकदा माहिती देऊन थांबले. मॅमोग्राफी नाही, दारात डॉक्टर नाही. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. उशिरा, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण नुसती माहिती दिलेल्या वस्त्यांत 47 टक्के, तर तपासणीच्या वस्त्यांत 37 टक्के निघालं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये घट दिसली नाही, तेही त्यात स्वच्छ लिहिलंय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही (तो कॅन्सर घडवणारा विषाणू) शोधणारी चाचणी जगभर मान्य झाली, त्यामागेही धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सव्वा लाखाहून जास्त बायका आहेत. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा त्या कामात मोठा वाटा होता. जगाला ज्यांनी हे शिकवलं, त्यांच्याच लेकी-सुनांना तपासणी मिळत नाही.

राहिला अतिनिदानाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि मी राहतो त्या इंग्लंडमध्ये, इथे, तो कुणी लपवतही नाही. 2012 मध्ये मायकल मार्मट यांच्या ब्रिटनमधल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की मॅमोग्राफीच्या बोलावण्याने या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतात. पण एक मृत्यू टळतो, तेव्हा साधारण तीन बायकांना अशा कॅन्सरचे उपचार घ्यावे लागतात, जो त्यांना जन्मभर कधी जाणवलाही नसता. हा हिशेब मॅमोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या बारीक गोष्टींचा आहे. हाताला लागलेल्या कॅन्सरच्या गाठीला तो लावणं म्हणजे आकडा उचलून भलत्या जागी चिकटवणं. जिथे निम्म्याच्या आसपास बायका गाठ बरीच वाढल्यावर येतात, तिथली पहिली चिंता उशिराच्या निदानाची असायला हवी.

व्हॅनवाल्यांशीही माझं पटत नाही. इथे टेस्को या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी असलेली व्हॅन सगळ्यांना दिसते, तिचे फोटो गावी पाठवले जातात. व्हॅनच्या मागे जी.पी.च्या (नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरच्या) यादीवरून पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकीला वयाच्या एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी जाणारं पत्र आहे, ते फोटोत येत नाही. आली नाही तर पुन्हा पत्र जातं. प्रत्येक स्तनाच्या दोन, अशा चार प्रतिमा दोन जण वेगवेगळ्या वाचतात, मतं जुळली नाहीत तर तिसरा वाचतो. वाचणाऱ्याने वर्षाला किमान 5,000 जणींच्या प्रतिमा वाचलेल्या असाव्यात, असा दंडक आहे. शंभरातल्या साधारण चौघींना परत बोलावतात, त्यांतल्या एकीला कॅन्सर निघतो. 2018 च्या मे महिन्यात आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की सुमारे साडेचार लाख बायकांना शेवटचं बोलावणं गेलं नसावं. पुढे चौकशीत हा आकडा बराच खाली आला. पण यादी होती, म्हणून कोण राहिलं ते शोधता तरी आलं. आपल्याकडे कोण राहिलं हे विचारणार कुणाला? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या 0.9 टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही.

कागदावर योजना आहे. 2016 च्या केंद्राच्या आराखड्यात 30 ते 65 वयाच्या प्रत्येकीची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. मुंबईत फायदा दिसला तो दोन वर्षांच्या अंतराने. पाच वर्षांनीही तेवढाच दिसेल हे कुणी ठरवलं? माझ्या मते चाळिशीपासून दोन वर्षांनी, पन्नाशीच्या पुढच्या बायकांना आधी, आणि गाठ हाताला लागली तर वय न बघता त्याच आठवड्यात पुढे पाठवणं, एवढं धरून ठेवलं तरी पुरे.

आणि ती तपासणी नीट व्हावी. बसवून आधी नुसतं बघायचं: कातडी कुठे आत ओढली गेलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत वळलंय का. मग आडवं झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी (टोकांनी नव्हे) गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंत उभ्या पट्ट्यांत सरकायचं. प्रत्येक जागी हलका, मध्यम आणि खोल असा तीनदा दाब. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाची वरची बाजू. घाई न करता दोन्ही बाजूंना पाच ते दहा मिनिटं लागतात. बिघडतं ते इथेच. उपकेंद्रात पडदा नसतो, म्हणून ब्लाउजवरूनच हात फिरवला जातो. काखेकडे जाणारा भाग राहून जातो, आणि जास्तीत जास्त कॅन्सर स्तनाच्या त्याच वरच्या-बाहेरच्या भागात होतात. आशाताईच्या फॉर्मवर ‘गाठ आहे का’ या प्रश्नापुढे सासूसमोर विचारून ‘नाही’ लिहिलं जातं, आणि पोर्टलवर तपासणी झाल्याची नोंद पडते.

त्याहून वाईट पुढे घडतं. गाठ सापडली की तालुक्याच्या गावी एखादा सर्जन ती तशीच काढून टाकतो. आधी जाड सुईची बायोप्सी (बारीक तुकडा काढून तपासणं) नाही, सोनोग्राफी नाही. काढलेला तुकडा अरुंद तोंडाच्या बाटलीत, सलाइनमध्ये किंवा चमचाभर फॉर्मेलिनमध्ये (तुकडा सडू न देणारं द्रावण) कोंबून नातेवाइकाच्या हाती दिला जातो. तो एसटीने जिल्ह्याला पोचेपर्यंत आतून सडलेला असतो. मग कॅन्सरच्या पेशींवरच्या इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तीन खुणांच्या तपासण्यांचा निकाल भरवशाचा राहत नाही, आणि नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं याच तपासण्यांवर. तुकड्याच्या दहापट दहा टक्के बफर फॉर्मेलिन, रुंद तोंडाचा डबा, तासाभराच्या आत बुडवणं, वर वेळ लिहिणं. याला पैसा कितीसा लागतो? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया आणि केमो होते, ही मोठी गोष्ट आहे. पण तिथवर पोचण्याआधीच्या चाचण्या आणि फेऱ्या बहुधा घरच्याच खिशातून होतात, आणि बाई तिथेच घरी परतते.

इथल्या आपल्या बायकांबद्दलही लिहायला हवं. दक्षिण आशियाई बायका तपासणीला येण्याचं प्रमाण ब्रिटनमध्येही गोऱ्या बायकांहून कमी आहे. पत्र दारात येतं, मॅमोग्राम काढणारी बाईच असते, पैसे पडत नाहीत, तरीही. ‘काही होत नाहीये, मग कशाला’ हे वाक्य सांगलीहून लेस्टरला जसंच्या तसं आलंय. त्यामुळे गावच्या बायकांना अडाणी म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. इथल्या जी.पी.च्या यादीत आमची नावं आहेत, गावच्या यादीत उरली नाहीत. तरी वाद तिथलाच जिव्हारी लागतो, आणि कुणी परकं म्हटलं की बोलायची खुमखुमी आणखी वाढते.

म्हणून इथल्या मराठी मंडळांना विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात गावासाठी मॅमोग्राफी मशीनचा निधी जमवायचा बेत असेल तर थांबा. प्रतिमा रोज वाचणारा रेडिओलॉजिस्ट आणि देखभालीचा करार नसेल तर ते मशीन खोलीत झाकून राहील. त्याऐवजी एका उपजिल्हा रुग्णालयाला वर्षभर पुरतील इतक्या 14 गेजच्या बायोप्सी सुया, फॉर्मेलिनचे डबे, नमुना जिल्ह्याला नेणाऱ्याचा पगार आणि तिथल्या उपकेंद्रांना पडदे द्या. देताना एकच अट घाला: चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईचं नाव, तिच्या तपासणीची तारीख आणि गाठ सापडलेल्या प्रत्येकीचा बायोप्सीचा निकाल दर तिमाहीला ग्रामसभेत नव्हे, तर आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर तपासला जावा. ग्रामसभेला फक्त किती राहिल्या तो आकडा कळवावा, नावं नकोत.