माचादो २०२४ ची निवडणूक ‘हरल्या’ म्हणे!

१० ऑक्टोबर २०२५ ला शांततेचं नोबेल व्हेनेझुएलाच्या विरोधी नेत्या मारिया कोरिना माचादो यांना जाहीर झालं आणि लगेच एक मजकूर ग्रुपांवर फिरू लागला. व्हेनेझुएलाचा विषय निघाला की कुणीतरी तो अजूनही चिकटवतंच: ‘मारिया कोरिना माचादो ही उद्योगपतीची मुलगी. आयुष्यात एक निवडणूक जिंकली नाही. अमेरिकेने रातोरात उभी केली. २०२४ ला हरली, तरी नोबेल!’ (आपल्याकडे ‘मचाडो’ छापतात, स्पॅनिश उच्चाराला ‘माचादो’ जवळचं.)

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. वडिलांचा पोलादाचा व्यवसाय होता. त्यातली एक कंपनी २०१० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ यांच्या सरकारने ताब्यात घेतली. बाकीच्याचं काय ते पाहू.

‘एक निवडणूक जिंकली नाही.’ सप्टेंबर २०१० मध्ये त्या मिरांदा राज्यातून नॅशनल असेंब्लीवर, म्हणजे संसदेवर, निवडून आल्या, आणि त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक मतं त्यांनाच पडली होती. ती जागा गेली, पण मतदारांनी घालवली नाही. मार्च २०१४ मध्ये देशातल्या निदर्शनांबद्दल अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत बोलता यावं म्हणून पनामाने आपली खुर्ची त्यांना देऊ केली. त्यावर ‘परक्या देशाचं पद घेतलं’ असं म्हणत सभापती दिओसदादो काबेयो यांनी त्यांचं सदस्यत्व संपल्याचं जाहीर केलं.

‘रातोरात.’ ही रात्र फारच लांबली म्हणायची. जानेवारी २०१२ मध्ये चावेझ यांचं नऊ तासांहून लांबलेलं भाषण चालू असताना त्या भर सभागृहात उठल्या आणि ‘मालमत्ता जप्त करणं म्हणजे चोरी’ असं सुनावलं. ‘गरुड माशा मारत नसतो,’ हे चावेझ यांचं उत्तर. पुढच्याच महिन्यात, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला विरोधकांनी घेतलेल्या प्राथमिक निवडणुकीत, बाईंना चार टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत. ऑक्टोबर २०२३ च्या प्राथमिक निवडणुकीत ९२ टक्के मिळाली. मधल्या अकरा वर्षांत बाकीच्या विरोधी नेत्यांपैकी काप्रिलेस राष्ट्राध्यक्षपदाला दोनदा हरले, लोपेस तुरुंगात गेले, ग्वाइदोंचं ‘हंगामी सरकार’ शेवटी विरोधकांनीच मोडीत काढलं, आणि सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. वाटाघाटींना नाक मुरडणाऱ्या, हेकेखोर समजल्या जाणाऱ्या बाई तेवढ्या होत्या तिथेच राहिल्या. लोक त्यांच्याकडे आले ते बाकीचे सगळे थकल्यावर.

‘अमेरिकेने उभी केली.’ इथे मात्र वकिली करत बसणार नाही. २००२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘सुमाते’ ही मतदानावर लक्ष ठेवणारी संस्था काढली, आणि तिला अमेरिकी सरकारच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेकडून सुमारे ५३,००० डॉलर मिळाले. २००५ मध्ये त्या बुश यांना व्हाइट हाउसमध्ये भेटल्या. २००२ च्या फसलेल्या बंडात चावेझ यांना हटवून जे अल्पजीवी सरकार आलं, त्याच्या फर्मानाच्या कागदावर त्यांची सही आहे. ती हजेरीची यादी वाटली, हा त्यांचा खुलासा मला पटत नाही. व्हेनेझुएलावरच्या अमेरिकी निर्बंधांना पाठिंबा, नोबेल ट्रम्प यांनाही अर्पण करणं, हे सगळं उघड आहे आणि त्यावर खुशाल झोडपा. पण वॉशिंग्टनशी सलगी असणं वेगळं आणि वॉशिंग्टनने घडवणं वेगळं. ९२ टक्के देणारी ती प्राथमिक निवडणूक विरोधकांनी सरकारी निवडणूक आयोगाच्या मदतीशिवाय, कागदी मतपत्रिकांवर स्वतः घेतली होती.

आता ‘२०२४ ला हरली’. राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत मुळात त्या उमेदवारच नव्हत्या! पंधरा वर्षांची अपात्रता त्यांच्या माथी मारली होती. त्यांनी कोरिना योरिस या प्राध्यापिकेचं नाव दिलं, तर त्यांचा अर्जच भरू दिला नाही. अखेर एदमुंदो गोन्सालेस उरुतिया हे निवृत्त राजदूत उभे राहिले आणि बाई त्यांचा फोटो घेऊन मोटारीने गावोगाव फिरल्या. वाटेत ज्या खानावळींनी त्यांना जेवू घातलं, त्यांतल्या काहींना सरकारी टाळं लागलं.

२८ जुलै २०२४ च्या रात्री आयोगाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो ५१ टक्के, गोन्सालेस ४४ टक्के असं सांगून टाकलं. तिथलं यंत्र कसं चालतं ते इथे कळायला हवं. मत दिलं की कागदी चिठ्ठी बाहेर येते आणि ती मतदार स्वतःच्या हाताने पेटीत टाकतो. मतदान संपलं की तेच यंत्र त्या टेबलाच्या, म्हणजे त्या मतदान यंत्रावरच्या मतांच्या, निकालाची लांबलचक पावती छापतं. तिला ‘आक्ता’ म्हणतात. तिच्यावर क्यूआर कोड असतो, सह्या होतात, पक्षांच्या प्रतिनिधींना प्रत मिळते. देशात अशी सुमारे तीस हजार टेबलं. बाईंच्या माणसांनी आधीच टेबलागणिक माणूस नेमून ठेवला होता, आणि काही दिवसांत ८० टक्क्यांहून जास्त टेबलांच्या पावत्या त्यांनी स्कॅन करून मांडल्या. त्यांत गोन्सालेस ६७ टक्के, मादुरो ३० टक्के.

‘पावत्या बनावट’ असं सरकार म्हणालं. मग खऱ्या दाखवायच्या होत्या. आयोगाने टेबलनिहाय आकडे दिलेच नाहीत, सायबर हल्ल्याचं कारण पुढे केलं. सरकारच्याच निमंत्रणावरून निरीक्षणाला आलेल्या कार्टर सेंटरने ही निवडणूक लोकशाही पद्धतीची मानता येत नाही असं म्हटलं. हे तेच कार्टर सेंटर, ज्याने चावेझ यांना पदावरून हटवायचं का यावरच्या २००४ च्या सार्वमतात त्यांचा विजय मान्य केला होता, ‘सुमाते’ तो मानायला तयार नसताना. त्याला चावेझद्वेष्टं कसं म्हणणार?

नोबेल जाहीर झालं तोवर वर्ष उलटून गेलं होतं आणि आयोगाचे ते आकडे आलेले नव्हते. विरोधकांच्या संकेतस्थळावर मात्र मतदाराने आपल्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला की त्याच्या टेबलाची पावती समोर यायची.