शेवटचं अक्षर बघितलं की गाडी ओळखली? छे!

जुने ब्रिटिश सिनेमे आवडीने बघणाऱ्यांमध्ये सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. चार दिवसांत माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. त्यातला दावा असा: पडद्यावर मागे उभी असलेली गाडी ओळखायला नंबरप्लेटचं शेवटचं अक्षर पुरतं. ए म्हणजे १९६३, पुढे बोटांवर मोजत जा. अक्षरच नसेल तर गाडी १९६३ च्या आधीची. गोलमटोल दिसली तर मॉरिस मायनर, लांब आणि काळी दिसली तर रोल्स-रॉइस. आणि अँबॅसडर दिसली तर ती आपली, इथून तिकडे गेलेली.

आधी नंबरप्लेट, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. वर्षाचं अक्षर १९६३ पासून आलं हे खरं, पण ते एका दिवसात देशभर लागू झालं नाही. सुरुवात लंडनशेजारच्या मिडलसेक्स परगण्याने केली. नोंदणी करणाऱ्या अनेक स्थानिक कौन्सिलांनी जुनीच पद्धत चालू ठेवली आणि सक्ती झाली ती १९६५ मध्ये, सी अक्षरापासून. त्यामुळे १९६४ साली शोरूममधून निघालेली कोरी गाडीसुद्धा बिनअक्षराची असू शकते. ‘गोल्डफिंगर’मधली बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन आठवा: बीएमटी २१६ए. यातलं एमटी म्हणजे मिडलसेक्स, म्हणून शेवटी ए. (आणि त्याच गाडीच्या नंबरप्लेटा बटण दाबल्यावर फिरून बदलतात! प्लेटवर भरवसा ठेवणाऱ्यांची यापेक्षा चांगली चेष्टा कुणी केली नसेल.)

बोटांवर मोजणंही फसतं. १९६७ मध्ये अक्षर बदलण्याची तारीख जानेवारीवरून ऑगस्टवर नेली, त्यामुळे ई जेमतेम सात महिने टिकलं आणि ऑगस्टमध्ये एफ आलं. शिवाय आय हे अक्षर गाळलं, एक या आकड्याशी गल्लत नको म्हणून. फॉरवर्डच्या हिशेबाने जे म्हणजे १९७२. प्रत्यक्षात जे ऑगस्ट १९७० मध्येच रस्त्यावर आलं होतं. आणि ऑगस्ट १९८३ पासून वर्षाचं अक्षर शेवटून उठून सुरुवातीला जाऊन बसलं. शिवाय हौशी माणूस जुना आवडता नंबर नव्या गाडीवर लावतो, ते वेगळंच.

एवढं सगळं जमलं तरी प्लेट सांगते ती नोंदणी कधी झाली ते. मॉडेल सांगत नाही, आणि कथेचं साल तर नाहीच नाही.

मॉडेलसाठी गाडीच्या अंगाकडे बघावं लागतं. मायनरच घ्या. अ‍ॅलेक इसिगोनिस या डिझायनरची ही गाडी १९४८ मध्ये आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. तेवीस वर्षं! नुसतं ‘मायनर’ म्हणून काय कळणार? पुढची काच बघा. मधोमध पट्टी असून दोन तुकडे असतील तर गाडी १९५६ च्या आधीची. सलग, वाकवलेली एकच काच असेल तर त्यानंतरची मायनर १०००. हेडलाइट खाली समोरच्या जाळीजवळ (ग्रिलजवळ) असतील तर अगदी सुरुवातीची, वर मडगार्डात बसवलेले असतील तर पुढची. वळताना दारांमधल्या खांबातून नारंगी दांडा बाहेर आला तर बहुधा १९६१ च्या आधीची, कारण त्यानंतर उघडझाप करणारे दिवे आले. आणि बॉनेटच्या मधोमध जाणारा सपाट पट्टा? नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला गाडी अरुंद वाटली, म्हणून ती उभी कापून चार इंचांनी रुंद केली. तो पट्टा त्याचाच.

आता गोलमटोल पण मायनर नसलेली. १९४८ ते १९५४ ची मॉरिस ऑक्सफर्ड समोरून मायनरची थोरली बहीण वाटते, लांबीला सुमारे दीड फूट जास्त. शेजारी माणूस उभा असेल तर लगेच लक्षात येतं, नाहीतर फसगत ठरलेली. आपल्याकडे तीच हिंदुस्थान १४ म्हणून धावली.

रोल्स-रॉइसबद्दल फार लिहीत नाही. लग्नात, अंत्ययात्रेत, दूतावासाबाहेर दिसणारी लांब काळी गाडी ऑस्टिन प्रिन्सेस असू शकते, हंबर असू शकते, डेमलर असू शकते. डेमलरच्या जाळीचा माथा पन्हळीसारखा असतो, दुरूनही कळतो. खरीखुरी रोल्स असली तरी १९५५ नंतरची सिल्व्हर क्लाउड आणि बेंटली एस यांचं अंग एकच, फरक मुख्यतः जाळीचा. मागून दिसली तर पैज लावू नका. आणि काळ्या गाडीवर घंटा खणखणत असेल तर ती बहुतेक पोलिसांची वुल्सली; रात्रीच्या प्रसंगात तिच्या जाळीवरचं नाव दिव्याने उजळलेलं दिसतं.

राहिली अँबॅसडर. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नातंच उलटं केलंय. १९५६ ची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री आधी, तिच्यावरून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर नंतर. तिकडे ती १९५९ मध्ये थांबली, इथे २०१४ पर्यंत निघत राहिली. पन्नासच्या दशकातल्या लंडनच्या रस्त्यावर अँबॅसडर शोधणं म्हणजे आजीच्या फोटोत नात शोधणं. चेहरा मिळेल, माणूस नाही.

पुढच्या वेळी अँबॅसडरसारखी गाडी दिसली की सिनेमा थांबवून बॉनेट बघा. लांबीने जाणाऱ्या पन्हळी असतील आणि मागच्या मडगार्डांना छोटे पंख असतील तर ती सीरिज थ्री, म्हणजे अँबॅसडरची आई. बॉनेट गुळगुळीत असेल तर सीरिज टू. तिची भारतातली लेक म्हणजे लँडमास्टर, जिला आपण आता सरसकट जुनी अँबॅसडर म्हणतो.